सकाळी सात-दहाचा सामना: खेड्यात राहून बेसबॉलचा मोसम कसा धरायचा

"भाऊ, तुमची ते अमेरिकेची मॅच जितली का आज?" हा प्रश्न मला किराणा दुकानात येतो, एसटीच्या थांब्यावर येतो, पऱ्हाटीच्या ओळीत वेचणी चालू असताना पलीकडच्या धुऱ्यावरूनही येतो. वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात बेसबॉल पाहणारा मी २०२० पासून एकटा होतो. टाळेबंदीत क्रिकेट थांबलं तेव्हा मोबाइलवर दिसला आणि मनात बसला. आता आम्ही पाच जण आहोत. चौघांना मीच शिकवलं, आणि चौघेही एकाच ठिकाणी अडखळले. पहिल्या आठवड्यात सगळे सामने पाहिले, दुसऱ्या आठवड्यात संघ लागोपाठ चारदा हरला म्हणून जीव जाळला, तिसऱ्या आठवड्यात मोबाइल बाजूला ठेवला.

याचं कारण आपली क्रिकेटची सवय. भारताचा सामना सणासारखा येतो, आपण कामं आटोपून बसतो. बेसबॉल रोज येतो, गोठ्यातल्या धारेसारखा. मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत, २९ अमेरिकेतले आणि एक कॅनडातल्या टोरांटोचा. प्रत्येक संघ मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत १६२ सामने खेळतो, तेही जेमतेम १८६-१८७ दिवसांत. हे सगळं सणासारखं पाहू म्हटलं तर पेरणीच व्हायची नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच, की थोडं पाहा पण रोज पाहा. ते खेड्यात, शेतीच्या धबडग्यात कसं जमवायचं, ते पुढे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: संघाआधी घड्याळ ठरवा

बहुतेक जण आधी खेळाडू पाहतात, टोपीचा रंग पाहतात. मी म्हणतो, आधी आपण कधी मोकळे असतो ते पाहा. अमेरिकेत संध्याकाळी पावणेसात-सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशीच्या पहाटे किंवा सकाळी येतो, आणि संघ कुठल्या किनाऱ्याचा आहे त्यावर त्यात तीन तासांचा फरक पडतो.

न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया, टोरांटो हा पूर्वेचा पट्टा. आपण त्यांच्यापुढे साडेनऊ तास. तिथले सायंकाळचे ७.०५ म्हणजे आपली पहाट, ४.३५. शिकागो, मिलवॉकी, सेंट लुईस, ह्यूस्टन हा मधला पट्टा, साडेदहा तास. तिथे ६.४० ला पहिला चेंडू पडला तर आपल्याकडे ५.१०. डेन्व्हरला साडेअकरा तास. आणि पश्चिम किनारा, म्हणजे लॉस एंजेलिस, सॅन दिएगो, सॅन फ्रान्सिस्को, सिएटल, इथे फरक साडेबारा तासांचा. हा हिशेब सगळ्यात सोपा आहे. संध्याकाळची सकाळ करा आणि अर्धा तास वाढवा: त्यांचे ६.४०, आपले ७.१०. ॲरिझोनातलं फीनिक्स उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, म्हणून मोसमात तेही पश्चिम किनाऱ्याच्याच वेळेत येतं. बाकी अमेरिकेची घड्याळं मोसमाआधीच मार्चमध्ये पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. त्यामुळे एकदा पाठ केलेला फरक अख्खा मोसम चालतो.

आता हे आपल्या दिवसावर बसवा. चार वाजता उठून धार काढणाऱ्याने, किंवा ज्याच्या वावरात शेतीची लाईन रात्रपाळीची आहे आणि जो उन्हाळी भुईमुगाला ओलित करायला पहाटे मोटारीजवळच बसलेला असतो, त्याने पूर्वेचा संघ घ्यावा. शिक्षक असाल तर मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते हे विसरू नका. तुम्हालाही पूर्वच बरी. ज्याचं दुकान नऊ-साडेनऊला उघडतं, किंवा जो माझ्यासारखा ढोरांचं आटोपून सातला चहा घेऊन बसू शकतो, त्याच्यासाठी पश्चिम किनारा. सामना हल्ली सरासरी दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास चालतो. २०२३ पासून पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, घड्याळ लावलं, बेसवर (पळून गाठायच्या ठिकाणांवर) कोणी नसेल तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा, आणि त्याआधी तीन तासांच्या पुढे जाणारा खेळ आटोपशीर झाला. सात-दहाला सुरू झालेला दहाच्या आत संपतो.

तारखेचा घोळ मात्र सगळ्यांचाच होतो. त्यांचा मंगळवार रात्रीचा सामना आपल्याकडे बुधवारी सकाळी. आमच्यातल्या एका पुतण्याने पहिला महिनाभर रोज एक दिवस आधी उठून वाट पाहिली होती. लीगच्या मोबाइल ॲपमध्ये (त्याबद्दल पाचव्या पायरीत) वेळ आपोआप भारतीय दिसते, तीच पाहा. डोक्यात तारखा जुळवत बसू नका.

नुसती चव घ्यायची असेल तर रविवार धरा. पूर्वेकडचे रविवारचे सामने तिथल्या दुपारी दीडच्या सुमारास असतात, म्हणजे आपल्याकडे रविवारीच रात्री अकराला. उन्हाळ्यात अंगणात खाट टाकलेली असते, जेवण झालेलं असतं. माझ्या चारही चेल्यांना मी पहिला सामना असाच दाखवला.

दुसरी पायरी: एक संघ धरा आणि बदलू नका

मी सिएटल मरिनर्स धरला तो निव्वळ सात-दहाच्या वेळेमुळे. नंतर कळलं की ३० संघांपैकी जागतिक मालिकेत, म्हणजे अंतिम फेरीत, आजवर एकदाही न पोचलेला हा एकमेव संघ आहे. १९७७ पासून खेळतोय. २००१ साली त्याने १६२ पैकी ११६ सामने जिंकले, एका मोसमात याहून जास्त विजय कोणत्याच संघाचे नाहीत, आणि तरीही उपांत्य फेरीत न्यूयॉर्क यँकीजकडून हरला. त्यानंतर थेट २०२२ पर्यंत प्लेऑफसुद्धा, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यासुद्धा, नाहीत.

हे वाचून काहींना वाटेल, असा संघ कशाला घ्यायचा? विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. मुंबईच्या रणजी करंडकांची मोजणी ऐकत आपण मोठे झालो. मग २०१७-१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा करंडक उचलला, पुढच्या वर्षी पुन्हा, आणि २०२४-२५ ला आपल्याच जामठ्यावर केरळसमोर पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा. त्या पहिल्या करंडकाची गोडी ज्याने आधीची कोरडी वर्षं पाहिली त्यालाच लागली.

लॉस एंजेलिसचा डॉजर्स घेतलात तर वाईट काही नाही. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी तेच विजेते आहेत, आणि त्यांच्याकडे शोहेई ओहतानी आहे. तो पिचिंगही करतो आणि बॅटिंगही, आणि २०२४ मध्ये एकाच मोसमात ५४ होमरन (चेंडू थेट कुंपणापलीकडे, आपल्या षटकारासारखा) मारून ५९ बेस चोरणारा (पिचर चेंडू टाकत असताना पळून पुढचा बेस गाठणारा) तो माणूस पाहायला मिळणं हेच भाग्य. फक्त गुढीपाडव्याच्या आसपास मोसम सुरू होतो तोवर ठरवा आणि दिवाळीपर्यंत बदलू नका. दोन संघ धरणाऱ्याला एकाचाही लळा लागत नाही, हे मी दोघांच्या बाबतीत पाहिलंय.

"आपला कोणी खेळतो का तिथं?" हेही सगळे विचारतात. २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं होतं. दोघे खालच्या स्तरावर खेळले, वरच्या मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत.

तिसरी पायरी: नियम लागतील तेवढेच

चेंडू टाकणारा पिचर, मारणारा बॅटर, त्याच्या मागे बसलेला कॅचर. पिचर ६० फूट ६ इंचांवरून टाकतो आणि चेंडूला टप्पा नसतो. बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत आणि १७ इंची होम प्लेटच्या रुंदीइतकी हवेत एक चौकट धरा. त्या चौकटीतून गेलेला चेंडू बॅटरने सोडला तर स्ट्राइक, बाहेरचा सोडला तर बॉल, आणि कुठलाही मारायला जाऊन हुकला तरी स्ट्राइक. तीन स्ट्राइकला बाद. चार बॉलला फुकट पहिल्या बेसवर, त्याला वॉक म्हणतात. तीन बाद झाले की बाजू बदलते, दोन्ही बाजू खेळल्या की एक इनिंग, अशा नऊ. चार बेसना वळसा घालून घरी परतला की एक रन.

आपल्याला अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. क्रिकेटमध्ये चेंडू मागे मारला तरी चालतो, इथे दोन पांढऱ्या रेषांच्या बाहेर गेलेला फाऊल. फाऊल स्ट्राइक म्हणून मोजतात, पण दोन स्ट्राइक झाल्यावर पुढचे फाऊल मोजत नाहीत. त्यामुळे चिवट बॅटर दहा-बारा चेंडू फाऊल करत पिचरला दमवतो. हे ज्याला दिसायला लागलं त्याला खेळ कळला म्हणायचं. चेंडू रेषांच्या आत पडला की पळावंच लागतं, "नको, थांब" म्हणायची सोय नाही. नाबाद राहून खेळत राहणं नाही, नऊ जण ओळीने येतात आणि पुन्हा पहिल्यापासून. आणि बरोबरी नाही. नऊ इनिंगनंतर सारखेच असले तर पुढे खेळत राहायचं. साध्या मोसमात तेव्हा दुसऱ्या बेसवर आयता एक धावक उभा करतात, प्लेऑफमध्ये तोही नाही.

२०२६ पासून स्ट्राइक-बॉलच्या निर्णयावर दाद मागायची सोयही आली आहे. बॅटर, कॅचर किंवा पिचर, तिघांपैकी कोणीही लगेच डोक्यावर थाप मारायची. प्रत्येक संघाला दोन संधी, दाद बरोबर निघाली तर संधी शाबूत. आपल्याकडच्या डीआरएसवर वाढलेल्या पोरांना हे एका वाक्यात कळतं.

पिचरचं एक नीट समजून घ्या, कारण रोज काय पाहायचं हे त्यावरून ठरतं. सुरुवातीचा पिचर शंभरेक चेंडू टाकतो आणि मग चार-पाच दिवस विश्रांती घेतो. म्हणून संघाकडे असे पाच जण असतात आणि त्यांची पाळी फिरत राहते, अगदी कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीसारखी. आज लोगन गिल्बर्ट, उद्या जॉर्ज कर्बी, परवा ब्रायन वू. कोणाची पाळी आहे ते आदल्या रात्री ॲपमध्ये दिसतं. आठवड्यात दोनच सामने पाहायला वेळ असेल तर आपल्या आवडत्या पिचरच्या पाळीचे पाहा. एका माणसाला पाच-पाच दिवसांनी पाहत राहिलं की त्याचा चांगला दिवस आणि वाईट दिवस पहिल्या दहा चेंडूंतच ओळखू येतो.

चौथी पायरी: वही घाला

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. गणिताची चौकोनी वही घ्या. डावीकडे नऊ बॅटरांची नावं एकाखाली एक, वर एक ते नऊ इनिंगचे आकडे. प्रत्येक बॅटरच्या खेळीला एक चौकोन.

मैदानातल्या नऊ जागांना ठरलेले क्रमांक आहेत: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, आणि मागचे तीन डावीकडून ७, ८, ९. तिसरा बेस ५ आणि शॉर्टस्टॉप ६, इथे हमखास चूक होते, कारण शॉर्टस्टॉप उभा राहतो दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये. आता शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर बाद झाला, तर चौकोनात लिहायचं ६-३. शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसवर, तिथून पहिल्यावर, आणि दोघे बाद, तर ६-४-३. मधल्या क्षेत्ररक्षकाने झेल घेतला तर नुसता ८. स्ट्राइकवर बाद झाला तर इंग्रजी 'के' अक्षर. न मारता उभ्या उभ्या बाद झाला तर तोच 'के' उलटा काढायचा. बेसवर पोचला तर चौकोनाच्या आत चौकटच्या पत्त्यासारखा आकार काढत जायचं, एक बेस एक बाजू. पूर्ण होऊन घरी आला की आतून पेन्सिलने भरून टाकायचं.

सुरुवातीला हात मागे पडतो. पडू द्या. चार-पाच सामन्यांत लागतो. फायदा असा, की मध्येच म्हैस सुटली, कोणी भेटायला आलं, लाईन गेली, तरी परत आल्यावर ॲपमधून सुटलेले चौकोन भरता येतात आणि सामना आपल्या हातात राहतो. माझ्या सासऱ्यांना मोबाइलवरचं बारीक काही दिसत नाही, पण ते संध्याकाळी माझी वही उघडून विचारतात, "हा उलटा काहून काढला?" आणि मग मला सगळी इनिंग तोंडी सांगावी लागते. त्यांना आता ६-४-३ म्हणजे काय ते पक्कं माहीत आहे.

आकडेवारीचा डोंगर आहे, त्यातले तीनच आकडे आधी घ्या. बॅटरची सरासरी: दहापैकी तीनदा फटका मारून बेसवर पोचणारा उत्तम, म्हणजे दहापैकी सातदा अपयश आलेला माणूसही इथे मोठा खेळाडू. पिचरचा ईआरए: नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर किती रन, तीनच्या आसपास असेल तर भरवशाचा. आणि तिसरा, पहिल्या क्रमांकाच्या संघाच्या किती सामने मागे. विजयांचा फरक आणि पराभवांचा फरक यांची बेरीज करून अर्धी करायची. २०२५ अखेर सिएटल ९० विजय ७२ पराभव, ह्यूस्टन ८७ विजय ७५ पराभव. तीन अधिक तीन सहा, अर्धे तीन, म्हणजे ह्यूस्टन तीन सामने मागे राहिला आणि २००१ नंतर पहिल्यांदा आमचा संघ आपल्या पाच संघांच्या गटात पहिला आला.

पाचवी पायरी: डेटा, लाईन आणि टॉवर

मेजर लीग बेसबॉलचं, म्हणजे एमएलबीचं, ॲप फुकट उतरवता येतं. त्यात गेमडे नावाचं पान आहे, तेच खेड्यातल्या माणसाचा खरा आधार. चित्र नाही, पण प्रत्येक चेंडू कुठून गेला ते चौकटीवर ठिपक्याने दिसतं. लाल ठिपका स्ट्राइक, हिरवा बॉल, निळा म्हणजे चेंडू मारून खेळात आला. आमच्याकडे रेंज फक्त विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली नीट येते, घरात एक-दोन काड्या, आणि तेवढ्यातही हे पान चालतं. थेट चित्र पाहायला वर्गणी भरावी लागते. नुसती रेडिओ समालोचनाची वर्गणी त्याहून बरीच स्वस्त आहे आणि डेटाही फार थोडा खाते. रोजच्या दीड जीबीत घरातली पोरंही असतात, तेव्हा मी आठवडाभर ऐकतो आणि चित्र एखाद्याच दिवशी पाहतो. रेडिओचं इंग्रजी पहिले पंधरा दिवस भरभर वाटतं. पण शब्द तेच तेच येतात, आणि वही समोर असली की कान लवकर तयार होतो.

ज्या दिवशी काहीच जमलं नाही त्या दिवशी यूट्यूबवर लीगच्या वाहिनीवरची क्षणचित्रं पाहा. काही मिनिटांत सामना कळतो. निकाल आधी कळू नये असं वाटत असेल तर ॲपमध्ये गुण लपवण्याची सोय आहे आणि सूचना बंद करता येतात. हे करून ठेवाच. मोबाइल रात्री चार्ज करा, सकाळच्या लाईनीवर विसंबू नका.

सहावी पायरी: मोसम आपल्या हंगामावर बसवा

फेब्रुवारीच्या मध्यात पिचर-कॅचर सरावाला येतात, मरिनर्स ॲरिझोनातल्या पिओरियाला. आपल्याकडे तेव्हा हरभऱ्याची काढणी तोंडावर असते. सराव सामन्यांचे निकाल मनावर घेऊ नका, नवीन नावं फक्त ओळखून ठेवा.

एप्रिल-मे हा नवख्या माणसाचा काळ. वावर रिकामं, ऊन ४५ अंशांना टेकलेलं, दुपारी बाहेर पडायचं नाही म्हणून सगळं काम सकाळीच. तरी एवढा वेळ वर्षात पुन्हा मिळत नाही. याच दोन महिन्यांत वही शिकून घ्या. संघ एका गावी गेला की तीन-चार दिवस तिथेच राहून त्याच संघाशी खेळतो, त्याला मालिका म्हणतात. एकेक सामना धरण्यापेक्षा मालिका धरा: तीनपैकी दोन जिंकले का, एवढंच विचारा. सिएटल पूर्वेला गेला की वेळ बदलून पहाटे पावणेपाच होते हे लक्षात ठेवा. तेव्हा मी रेडिओ लावून गोठ्यातलं काम उरकतो.

मृग लागला की सोडून द्या. हे मी अगदी मनापासून सांगतो. पेरणीच्या दिवसांत सामना पाहायचा अट्टहास धरला तर दोन्हीकडे चित्त राहत नाही. रात्री झोपण्याआधी गुणतक्ता पाहायचा, आपण किती सामने मागे ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं, झालं. जूनमध्ये एक महिना नुसते आकडे लिहून मी जुलैत परत आलो तेव्हा काहीही हुकलं नव्हतं, कारण १६२ मध्ये तो महिनाही मुरून जातो. जुलैच्या मध्यात ऑल-स्टारची, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठीची, तीन-चार दिवसांची सुट्टी असते. आमच्याकडे डवरणी-निंदणाची धांदल त्याच सुमारास, तेव्हा हे सोयीचंच पडतं.

जुलैअखेरच्या सुमारास खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख येते. ती मात्र चुकवू नका. दोन दिवसांत संघाचं रूप पालटतं. २०२५ ला मरिनर्सनी ॲरिझोनाकडून जॉश नेलर आणि युहेनिओ सुआरेझ आणले, आणि पुढे ऑक्टोबरमध्ये टोरांटोविरुद्धच्या पाचव्या सामन्यात याच सुआरेझने तिन्ही बेस भरलेले असताना होमरन मारून सामना फिरवला.

पोळा झाला की रोज पाहायला लागा. सप्टेंबर हा खरा महिना. १६३ मधून आपल्या संघाचे विजय आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघाचे पराभव वजा करा. उरलेला आकडा रोज खाली येताना पाहायचा, शून्य झाला की गट जिंकला. २०२५ च्या नवरात्रात, २५ सप्टेंबरच्या सकाळी, कॅल रॅलेने मोसमातला ६० वा होमरन मारला आणि त्याच सामन्यात आम्ही गट जिंकला. रॅले कॅचर आहे. वर्षभर गुडघ्यांवर बसून चेंडू घेणाऱ्या माणसाने ६० होमरन मारावेत असं आधी कधीही घडलेलं नाही. घरात घट बसलेले, मी ओसरीवर वही घेऊन, आणि आनंद सांगायला समोर फक्त दूध न्यायला आलेल्या काकू. त्यांनाच सांगितला. "चांगलं झालं बाप्पा," म्हणाल्या, आणि खरंच आनंदाने म्हणाल्या.

हरण्याबद्दल

चांगल्यात चांगला संघही मोसमात ५०-६० वेळा हरतो. ११६ जिंकणारा सिएटलही ४६ वेळा हरला होता. म्हणून एका पराभवाला एका सकाळपेक्षा जास्त द्यायचं नाही, असा नियम मी स्वतःला घातला आहे. पराभवाच्या पानावरही चौकोन नीट भरायचे. सामना सोडून उठायचं असेल तर उठा, पण पान अर्धवट ठेवू नका. पुढच्या महिन्यात तोच पिचर परत समोर येतो तेव्हा ते पान उपयोगी पडतं.

शेवटची पायरी: ऑक्टोबर

प्लेऑफमध्ये १२ संघ, अमेरिकन आणि नॅशनल या मेजर लीगमधल्या दोन लीगचे सहा-सहा. पहिली फेरी तीन सामन्यांची, दुसरी पाचची, मग सात, आणि जागतिक मालिका सातची. प्रत्येक लीगमधल्या वरच्या दोन गटविजेत्यांना पहिली फेरी खेळावी लागत नाही. बरेच सामने अमेरिकेत पूर्वेच्या रात्री आठनंतर ठेवतात, म्हणजे कुठल्याही किनाऱ्याचा संघ असो, आपल्याकडे पहाटे साडेपाच-पावणेसहा. आणि नेमकी तेव्हाच सोयाबीनची सवंगणी.

यासाठी आधीच तयारी करा. मजूर कुठल्या दिवशी सांगायचे ते वेळापत्रक पाहून ठरवा, थ्रेशरची पाळी दुपारची घ्या. मी ११ ऑक्टोबर २०२५ ला हे केलं नव्हतं. डेट्रॉइटशी पाचवा, निर्णायक सामना पावणेसहाच्या आत सुरू झाला तेव्हा वाटलं साडेआठला मोकळा होईन. नऊ इनिंग झाल्या, बारा झाल्या, वावरात बाया येऊन कापणीला लागल्या, मी बांधावर कानाला मोबाइल लावून. पंधराव्या इनिंगला होर्हे पोलँकोचा फटका आणि ३-२. जवळपास पाच तास. वहीत नऊच रकाने आखलेले असतात, बाकीच्या सहा इनिंग मी समासात आणि मागच्या पानावर लिहिल्या. तेव्हापासून प्लेऑफच्या पानांवर मी पंधरा रकाने आखतो. तुम्हीही आखा.

२८ ऑक्टोबरला मात्र पंधराही पुरले नाहीत. डॉजर्स आणि टोरांटोचा जागतिक मालिकेतला तिसरा सामना १८ इनिंग चालला. पहाटे साडेपाचला सुरू झालेला तो दुपारी बारा वाजून गेल्यावर संपला. "अजून सरली नाही का तुमची मॅच?" असं तीनदा विचारून भाऊ जेवायला निघून गेला.

आपला संघ बाहेर पडला तरी शेवटपर्यंत पाहायचं, हा माझा सल्ला आहे. आमचा संघ त्याआधीच गेला होता. २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजनाची सकाळ, टोरांटोत सातवा सामना. जिंकलो असतो तर पहिल्यांदाच जागतिक मालिका. हूलिओ रॉड्रिगेझचा होमरन, रॅलेचा होमरन, सातव्या इनिंगपर्यंत ३-१ ने पुढे. अंगणात लेक रांगोळी घालत होती. जॉर्ज स्प्रिंगरने तिघांना घरी आणणारा होमरन मारला, ४-३, आणि तो आकडा शेवटपर्यंत हलला नाही. शेवटचा बॅटर हूलिओच होता. त्याच्या चौकोनात 'के' लिहिला, तारीख टाकली आणि झेंडूची फुलं आणायला गेलो.

ती मालिका टोरांटो आणि डॉजर्स सातव्या सामन्यापर्यंत खेळले. २ नोव्हेंबरच्या सकाळी डॉजर्स ११ व्या इनिंगला ५-४ ने जिंकले, आणि त्याच रात्री नवी मुंबईत आपल्या पोरींनी विश्वचषक जिंकला. त्या एका दिवसाची दोन पानं माझ्या वहीत समोरासमोर आहेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी वेचणी, तूर, हरभरा. वही भुशाच्या खोलीत ठेवू नका, उंदीर खातात. लोखंडी पेटीत ठेवा. नवी वही शाळा उघडताना जूनमध्ये स्वस्त मिळते, पण तोवर अडीच महिने निघून जातात. म्हणून जूनमध्येच पुढच्या वर्षीचीही एक घेऊन ठेवा. दोनशे पानी, चौकोनी.